पान एकशे बारा

पटकथा टपालाने आली, खाकी पाकिटात.
एकशे चार पानं. बरीचशी पांढरी, काही गुलाबी,
शेवटची सतरा निळी:
म्हणजे दिग्दर्शकाचं मन बदललेलं.
सोबत प्रकाशकाची चिठ्ठी.
साठ हजार शब्द, पाच आठवडे,
मुखपृष्ठावर नाव ब्रँट हॅलिडे.
बाईच्या नावाची हेरकथा
स्टेशनवर कोणी उचलत नाही म्हणे.

हल शहर, हेसल रोड, अठ्ठ्याहत्तरचा जानेवारी.
ट्रॉलर गोदीत बांधलेले, गंज धरत,
आणि नेविल घरात.
पंधराव्या वर्षी बोटीवर चढला त्यानंतर
सलग दुसरा हिवाळा जमिनीवर काढायची ही पहिलीच वेळ.
खिडकीशी जायचा, वारा कुठला ते बघायचा,
परत येऊन बसायचा.

पटकथेत नुसतं असतं:
स्ट्रॅडन धावतो. स्फोट. स्ट्रॅडन धावतो.
पडद्यावर चार सेकंदांत उरकतं.
कागदावर मात्र त्याला दम लागला पाहिजे,
बुटात खडा गेला पाहिजे,
नाहीतर पान भरत नाही.
मी त्याला गुडघेदुखी दिली, माझ्या वडिलांची.
लिस्बनच्या हॉटेलात त्याला
आमच्याच न्हाणीघरातला गळका नळ दिला.

दृश्य एकसष्ट. रात्र. नॉर्वेचा किनारा.
स्ट्रॅडन जहाजावरून उडी मारतो, पोहत बोटीपाशी पोचतो,
वरून दोर येतो, तो चढतो.
दीड ओळ.
मी मोठ्याने वाचून दाखवली, गंमत म्हणून.

नेविल म्हणाला, ओरडत नाही माणूस.
काय?
पाण्यात पडल्यावर. ओरडत नाही.
श्वास आत ओढला जातो, आपोआप.
तोंड खाली असलं तर पाणीच.
मग बोटं जातात.
दोर दिसतो त्याला. हातावर पडतो,
बरोब्बर तळव्यावर,
आणि मूठ मिटत नाही.

मी टाइप करत राहिले. मान वर केली नाही.
केली असती तर तो थांबला असता.

बघतो आपल्याकडे, नेविल म्हणाला.
रागाने नाही.
दुकानात सुटे पैसे कमी पडल्यावर
माणूस बघतो ना, तसा.

लग्नाला एकोणीस वर्षं.
क्लिफर्ड, त्याचा धाकटा भाऊ,
बेअर बेटाजवळ गेला, एवढंच मला ठाऊक.
‘गेला’च्या पुढे त्या घरात
कोणी कधी सरकलं नव्हतं.
त्या रात्री मी सरकले,
एका खोट्या हेराच्या आडून, तेराशे शब्द.

संपादकाचा फोन आला.
उत्तम आहे, अंगावर काटा येतो,
पण हिरोला दोर धरता येत नाही म्हणजे काय?
अजून शंभर पानं उरलीत.
मी नेविलला विचारलं, दातांनी जमेल?
त्याने पाइप साफ केला, तंबाखू भरली,
पेटवली नाही.
खरं म्हणजे नाही जमत, म्हणाला.
पण लिहिणारी तू आहेस.

जूनमध्ये सिनेमा लागला.
दृश्य एकसष्ट त्यात नव्हतंच.
निळ्यांनंतर आणखी कुठल्या रंगाची पानं निघाली असावीत,
मला कोणी पाठवली नाहीत.
स्ट्रॅडन हेलिकॉप्टरने आला,
भांगही मोडला नव्हता.
नेविलने टॉफीचा कागद चुरगळला, हळूच,
मागच्यांना त्रास नको म्हणून.
पुढे लीड्सच्या एका वाचकाचं पत्र आलं:
श्री. हॅलिडे, सिनेमात समुद्र नाही.
आपण तो न बघताच पुस्तक लिहिलंत काय?

होय, लिहिलं मी उत्तरात. न बघताच.

फुकटच्या सहा प्रतींतली एक
नेविलने कोटाच्या खिशात घातली,
चार दारं सोडून आईकडे गेला. मी मागोमाग.
म्हातारीने चष्मा लावला,
मुखपृष्ठावरची पिस्तूलवाली बाई
जवळून बघितली, लांबून बघितली.
हे कसलं रे आणलंस?
सगळं नको वाचूस, नेविल म्हणाला.
एकशे बारा. तेवढंच.

तिने बोट जिभेला लावलं
आणि पानं मोजायला लागली.